कामाची वाटणी : पात्रवर्ग रचू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

१९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तीन पातळ पुस्तिकांचा एक संच विक्रीला आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ त्यात होता. या खेळाला ठरलेला पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, आणि डाव संपल्यावर कोण जिंकले हा प्रश्नही उरत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका माणसाची भूमिका घेतो आणि एक जण उरलेले सगळे जग सांभाळतो. त्याला खेळाडू ‘डीएम’ म्हणतात. ‘मी दार ढकलतो’, ‘मी आधी पहारेकऱ्याशी बोलून बघते’ असे सांगायचे आणि जिथे निकाल संशयाचा असेल तिथे फासा टाकायचा. त्या पहिल्या संचात पात्रे तीनच प्रकारची होती : लढवय्या, जादूगार आणि देवाच्या नावाने लढणारा उपासक.

या प्रकारांना टेबलावर ‘क्लास’ म्हणतात. या पुस्तकात त्यांना पात्रवर्ग म्हटले आहे. पन्नास वर्षांत तीनाचे शेकडो झाले. त्यातले बरेचसे कोणा मोठ्या कंपनीने घडवलेले नाहीत. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर खेळणाऱ्या माणसांनी ते लिहिले, खेळून पाहिले, दुरुस्त केले आणि छापले. हे काम कसे करतात, त्यात अडते कुठे, आणि मराठीत ते करायचे तर आपल्या पदरात काय आहे व कशापासून जपायला हवे, हा या पुस्तकाचा विषय आहे. वाचकाने आधी एकदाही असा खेळ खेळलेला नसला तरी बिघडत नाही. खेळलेला असेल तर पहिली दोन प्रकरणे चाळून पुढे जावे.

पात्रवर्ग म्हणजे खेळाडूला दिलेला शब्द असतो. तू हा वर्ग घेतलास तर या टेबलावर अमुक काम तुझे, ते तुझ्याइतके चांगले दुसऱ्या कोणाला जमणार नाही, आणि तमुक बाबतीत तुला दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागेल, असा तो शब्द. बाकीचे आकडे हा शब्द पाळण्यासाठी असतात. याच खेळाच्या २०१४ सालच्या आवृत्तीत बारा पात्रवर्ग आहेत आणि पात्र अनुभवाने वाढत जाईल तशा चढायच्या प्रत्येकाच्या वीस पायऱ्या आहेत. त्यात रानटी योद्ध्याच्या जिवाचे गुण, म्हणजे तो किती घाव सोसेल हे, बारा बाजूंच्या फाशावर ठरतात, तर पोथ्या वाचून जादू शिकलेल्या मांत्रिकाचे सहा बाजूंच्या. एवढ्या एका फरकाने मांत्रिक मागे उभा राहतो आणि योद्धा पुढे. नियमाने ‘मागे उभा राहा’ असे कुठेही लिहिलेले नसते. आकडा त्याला मागे ठेवतो. चांगल्या रचनाकाराची सगळी हातोटी या आडून सांगण्यात असते.

पहिले पात्रवर्ग कसे जन्मले हे पाहिले की या कामाचे मर्म कळते. आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या मोहिमेत, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या सलग खेळात, एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच झाले आणि ते इतके बलवान झाले की बाकीच्यांना आवरेना. त्याला उतारा म्हणून पिशाचांना पळवणारा उपासक तयार झाला, आणि पुढे तोच जखमा भरून काढणारा म्हणून जगभर ओळखला गेला. चोराचा वर्ग कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथल्या एका छंदसाहित्याच्या दुकानात जमणाऱ्या खेळाडूंना सुचला. ती कल्पना गायगॅक्स यांच्या कानावर गेली आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर अधिकृत झाला. कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, भिंत चढणे ही कामे तोवर कोणा एकाची नव्हती, म्हणून ती नीट होतही नव्हती. वनरक्षकाचा वर्ग जो फिशर यांनी, मायावी जादूगाराचा पीटर ॲरनसन यांनी आणि भाटाचा डग श्वेगमन यांनी लिहिला. हे तिन्ही वर्ग १९७५ आणि १९७६ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या छोट्या नियतकालिकात आले आणि १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या जाडजूड ग्रंथात त्यांना जागा मिळाली. अंकातल्या दोन-तीन पानांच्या मजकुराला दोन-तीन वर्षांत शास्त्रग्रंथाची मान्यता मिळाली. या क्षेत्रात लहान प्रकाशनाला कमी लेखू नये, ते यासाठी.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये रात्रभर चालणारा दशावतार ज्याने पाहिला आहे त्याला यातले अर्धे गणित आधीच ठाऊक असते. उत्तररंगातल्या आख्यानाला लिखित संहिता नसते. कथा कोणती, कोणत्या प्रसंगाला कोण येणार, एवढे रंगपटात सांगितले जाते आणि संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतो. एक बाकडे आणि पेटी-मृदंग-झांज एवढ्या भांडवलावर हे चालते, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. राजपार्टी, खलपार्टी, स्त्रीपार्टी, विनोदी भूमिका करणारा : नवा नट मंडळात येतो तेव्हा तो आधी एका जागेचे काम शिकतो. राजाने दरबारात प्रवेश कसा घ्यायचा, राक्षसाने आव्हान कसे द्यायचे, नारदाने कळ कुठे लावायची, हे हातात मुरले की मग शब्द आपोआप सुचतात. मोकळेपणाने बोलता यावे म्हणून आधी जागा पक्की करायची, ही युक्ती आपल्याकडच्या नटांनी कित्येक पिढ्या वापरली आहे. पात्रवर्गही तेच करतो.

फरक आहे तो प्रसाराचा. दशावतारातली जागा गुरूकडून, कंपनीत राहून, विंगेतून पाहत शिकली जाते. छापलेला पात्रवर्ग मात्र अशा माणसाच्या हाती पडतो ज्याने लेखकाला कधी पाहिलेले नसते आणि ज्याच्या शंकेला उत्तर द्यायला लेखक तिथे नसतो. म्हणून रचना आणि प्रकाशन ही दोन कामे वेगळी आहेत, आणि या पुस्तकात त्यांना वेगळे भाग दिले आहेत.

भिवंडीत बसून हा विषय लिहिताना दुसरा एक ठेवा समोर येतो. इथल्या मोमीन विणकरांच्या वस्त्यांत उर्दू घरची भाषा आहे, आणि उर्दू दास्तानांत अद्भुताचे पात्रवर्ग तयारच आहेत. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून खंडाखंडाने निघू लागली. तिच्यात तलवारीचा पहिलवान आहे, मंत्रतंत्राचा साहिर आहे, आणि या दोघांनाही चकवणारा अय्यार आहे. अमर अय्यारच्या झोळीत सगळे जग मावते. वेष पालटणे, बेशुद्ध करणारी भुकटी हुंगवणे, शत्रूला गाठोड्यात बांधून उचलून नेणे ही त्याची हत्यारे. साहिराची जादू अय्यारापुढे लंगडी पडते आणि अय्यार समोरासमोरच्या लढाईत उभा राहू शकत नाही. सांता मोनिकाच्या दुकानात चोर जन्मण्याच्या नव्वदेक वर्षे आधी इथे तोल साधलेला होता. हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ने अय्यार घरोघर नेला. मराठीत लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला. आपल्या कादंबरीचा पाया अद्भुतावर घातलेला आहे, आणि वास्तववादाच्या कौतुकात आपण तो जरा विसरलो.

साहित्य भरपूर आहे म्हणून काम सोपे आहे असे मात्र नाही. मराठी माणूस पात्रवर्ग लिहायला बसला की पहिल्या तासाभरात त्याला एक सोयीची कल्पना सुचते : त्यांचे वर्ग बारा, आपले बलुतेदारही बारा. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट असे एकेक वर्ग करून टाकू, देशी रंगही येईल. या मोहात पडू नये, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

बलुतेदारीत प्रत्येकाचे काम गावाला लागत होते, हे खरे. ते वरवर पात्रवर्गासारखे दिसते. पण तिथे काम माणसाने निवडलेले नव्हते. ते जन्माने अंगावर आलेले होते, पिकातला वाटा ठरलेला होता, आणि काहींच्या वाट्याला कामाबरोबर अस्पृश्यताही येत होती. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात १९२८ साली मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. श्रमाची विभागणी निराळी आणि श्रम करणाऱ्या माणसांची विभागणी निराळी, हा भेद आंबेडकरांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडला आहे, आणि पात्रवर्ग रचणाऱ्याने तो पाठ करून ठेवावा इतका तो इथे उपयोगी आहे. कारण पात्रवर्ग ही कामाची वाटणी आहे. ती खेळाडू स्वतः निवडतो, दुसऱ्या मोहिमेत बदलतो, आणि कोणतेही पात्र कोणत्याही घरात जन्मलेले असले तरी तिला अडथळा येत नाही. अडथळा यायला लागला की आपण खेळ लिहीत नसून जुनी व्यवस्था फाशांवर चालवत आहोत असे समजावे.

ही चूक फक्त आपल्याकडे होऊ शकते असे नाही. मूळ खेळालाच तिच्यातून बाहेर यायला पन्नास वर्षे लागली. १९७४ च्या नियमांत बुटक्या जमातीच्या पात्राला फक्त लढवय्या होता येत असे आणि तेही सहाव्या पायरीपर्यंत. हॉबिटाला चौथ्या पायरीवरच थांबावे लागे. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या आवृत्तीत तर जमात हाच पात्रवर्ग होता : मानव लढवय्या किंवा चोर होऊ शके, पण एल्फ म्हणजे एल्फ, दुसरे काही नाही. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने या मर्यादा काढून टाकल्या आणि कोणत्याही जमातीला कोणताही वर्ग मोकळा झाला. तरी जन्माने मिळणारे गुण शिल्लक राहिले. अमुक जमात म्हणजे बलदंड, तमुक म्हणजे हुशार. २०२० मध्ये ते गुण हवे तिकडे वळवण्याची मुभा आली आणि २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ते जमातीकडून काढून पात्राच्या आधीच्या आयुष्याला, म्हणजे त्याने काय काम केले याला, जोडले गेले. या बदलांवर खेळाडूंत भरपूर वाद झाले, अजूनही होतात. पण दिशा कोणती हे स्पष्ट आहे. मराठी रचनाकाराने ही वाट पुन्हा पहिल्यापासून चालण्याची गरज नाही.

मग देशी वर्ग करायचा कसा? या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात एक वर्ग पहिल्या ओळीपासून छपाईपर्यंत नेऊन दाखवला आहे. त्याची थोडक्यात ओळख इथे करून देतो, म्हणजे वाचकाला कामाचा अंदाज येईल.

भिवंडीहून ठाण्याकडे जाताना लागणारा अंजूरफाटा मालाच्या ट्रकांमुळे सगळ्यांना माहीत आहे. ज्या अणजूर गावावरून तो नाव मिरवतो त्या गावचे गंगाजी नाईक ‘साष्टीच्या बखरी’त भेटतात. साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडे असताना तिथली माणसे, खाड्यांचे उतार, ठाण्यांची बलस्थाने यांची माहिती जमवणे, लोकांशी आतून संधान बांधणे आणि पेशव्यांना मोहिमेसाठी गळ घालणे, हे उद्योग नाईकांनी चिकाटीने केले असे बखर सांगते. १७३७ साली ठाणे पडले आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मोहीम फत्ते झाल्यावर नाव सेनापतीचे होते, पण आधीची संधाने कोणीतरी बांधलेली असतात. हे काम पारंपरिक बारा वर्गांत नीट बसत नाही. चोर एकटा आत शिरतो, भाट गाऊन मन जिंकतो. ज्याची ताकद म्हणजे गावोगावची ओळख, असा वर्ग तिथे नाही. तो आपण करू आणि त्याला ‘संधानी’ म्हणू. कोणत्याही कुळातला, कोणत्याही जमातीचा माणूस संधानी होऊ शकतो. नाईक घराण्याचा वारसा ही त्याची अट नाही, ती फक्त त्याच्यामागची प्रेरणा आहे.

पहिल्या पायरीवर त्याला एक शक्ती द्यायची : वस्तीत पाऊल टाकल्यावर खेळाडू म्हणू शकतो, ‘इथे माझ्या ओळखीचा एक माणूस आहे.’ नाव, धंदा आणि नाते खेळाडू ठरवतो. त्या माणसाची एक अडचण डीएम ठरवतो. कागदावर हे झकास दिसते. टेबलावर तिसऱ्या बैठकीत प्रत्येक किल्ल्याचा दरवान संधान्याचा मावसभाऊ निघतो आणि बाकीचे चौघे जांभया देत बसतात. आता ही शक्ती आवरायची कशी? दिवसाला दोनदाच, असा आकडा घालता येतो. पण आकड्याने वापर कमी होतो, कंटाळा तसाच राहतो. अधिक चांगला उपाय म्हणजे उपकाराची नोंद. प्रत्येक ओळखीपुढे दोन चौकटी छापायच्या. माणसाने एक काम केले की एक चौकट भरते. दोन्ही भरल्या की त्याचे काहीतरी काम केल्याशिवाय तो दार उघडत नाही. आता प्रत्येक ओळख पुढच्या गोष्टीचे बी ठरते, आणि उपकार फेडायला संधान्याला आपल्या सोबत्यांची गरज लागते. जांभया देणारे चौघे पुन्हा खेळात येतात. हा नियम फक्त संधान्याचा राहिला नाही, सगळ्या टेबलाचा झाला. तोल साधला म्हणतात तो हा.

लढाई सुरू झाल्यावर संधान्याने काय करायचे? प्रत्येक वर्गाला हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण लढाईत खेळाचा बराच वेळ जातो आणि तिथे नुसते बसून राहावे लागले तर पुढच्या वेळी तो वर्ग कोणी घेत नाही. उताराच्या माहितगाराला शोभेल अशी शक्ती द्यावी : स्वतःची पाळी नसतानाही तो एका सोबत्याला खूण करू शकतो आणि तो सोबती शत्रूच्या तडाख्यात न सापडता आपल्या चालीच्या निम्मे अंतर हलू शकतो. यात इजा करण्याचा एकही आकडा नाही. तरी जखमी मांत्रिक वेढ्यातून सुटतो, योद्धा खिंडीत जाऊन उभा राहतो, आणि टाळी संधान्याला मिळते.

गणिताची धास्ती घेणाऱ्या वाचकाला दिलासा द्यायला हवा. या क्षेत्रात लागणारे गणित आठवीच्या पुस्तकापलीकडे क्वचितच जाते, पण ते करावे मात्र लागते. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक अधिक एक म्हणजे यशाची शक्यता पाच टक्क्यांनी वाढवणे. त्याऐवजी ‘दोन फासे टाक आणि मोठा घे’ अशी सवलत दिली तर काय होते? अकरा किंवा जास्त हवे असताना शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते, म्हणजे जणू अधिक पाच मिळाले. पण वीसच हवे असतील तर ५ वरून ९.७५ टक्के, म्हणजे अधिक एकाइतकाही फायदा नाही. तेव्हा ही सवलत मध्यम कठीण कामात राजासारखी वागते आणि अशक्यप्राय कामात फारशी उपयोगी पडत नाही. संधानी ओळखीच्या माणसाचे मन वळवताना त्याला ही सवलत द्यावी की सरळ अधिक दोन, याचा निर्णय या चार आकड्यांवर करता येतो. ‘मला बरे वाटले’ हे कारण छापील पानावर टिकत नाही.

प्रकाशनाच्या भागात तीन गोष्टींवर भर आहे. पहिली शब्दांची. ‘वस्ती’ म्हणजे काय? राक्षसांची गुहा वस्ती ठरते का? जहाज? लष्कराची छावणी? आपल्या घरच्या टेबलावर हे डोळ्यांनी ठरते. परक्या टेबलावर यावरून भांडण लागते. नियमाचे वाक्य लहान असावे, त्यात एकच क्रिया असावी, आणि एकदा वापरलेली संज्ञा शेवटपर्यंत तीच असावी. वर्तमानपत्री मराठीत पुनरुक्ती टाळायला आपण समानार्थी शब्द पेरतो. नियमांच्या मराठीत ती सवय सोडावी लागते. भिवंडीसारख्या शहरात एका टेबलावर घरी मराठी, उर्दू, तेलुगू आणि आगरी बोलणारी मुले बसू शकतात. त्या सगळ्यांना एकदा वाचून कळेल असे वाक्य लिहिता आले तर ते कुठेही चालेल.

दुसरी गोष्ट हक्कांची, आणि ती मराठी लेखकाला फार अनुकूल आहे. २००० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालक असलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने खुला परवाना काढून आपल्या नियमांच्या आधारे इतरांना लिहिण्याची मोकळीक दिली. २०२३ च्या जानेवारीत तो परवाना बदलण्याचा बेत बाहेर फुटला, जगभरच्या खेळाडूंनी गहजब केला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने २०१४ च्या, म्हणजे पाचव्या, आवृत्तीचा मूलभूत नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली मोकळा केला. सुधारित नियमांचा संचही २०२५ मध्ये त्याच परवान्याखाली आला. व्यवहारात याचा अर्थ असा की ठरलेले श्रेय छापून त्या संचाचा मराठी अनुवाद करता येतो, त्यावर आपला वर्ग बेतता येतो, आणि तो विकताही येतो. जे त्या संचात नाही, म्हणजे कंपनीची खास नावे, जगे, पात्रे, त्याला हात लावायचा नाही. देशी साहित्यालाही हाच विचार लागू आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. नाथमाधव १९२८ साली गेले, त्यांचे लेखन आता सर्वांचे आहे. नारायण धारप २००८ साली गेले, त्यांच्या कथांतल्या ‘समर्थ’ या पात्रावर वर्ग बेतायचा तर वारसांची परवानगी हवी.

तिसरी गोष्ट पानाची. पात्रवर्गाचा अर्धा मजकूर तक्त्यांत असतो आणि देवनागरीत तक्ते सांभाळणे हे कसबाचे काम आहे. वेलांट्या-उकारांमुळे दोन ओळींत जास्त जागा लागते, अरुंद रकान्यात जोडाक्षर तुटते, जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. ‘मुक्त’सारखे एक टाइपचे खुले फाँट वापरले तर फाँटचा खर्च वाचतो. वीस पायऱ्यांचा तक्ता आधी कागदावर आखून मगच संगणकावर चढवावा. पुस्तक स्वतंत्र काढणार असाल तर आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो.

या सगळ्याला विरोध करणारी एक परंपरा आहे आणि तिचा मान राखायला हवा. १९७७ चा ‘ट्रॅव्हलर’ आणि १९७८ चा ‘रूनक्वेस्ट’ हे खेळ वर्गांशिवाय चालतात. ‘रूनक्वेस्ट’मध्ये तर माणूस जे करतो त्यात तो तरबेज होतो. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने उलट टोक गाठले : प्रत्येक वर्गाची घडीची पत्रिका, तिच्यावर खूण करत गेले की पात्र तयार, नियमपुस्तक उघडायलाच नको. मराठीत सुरुवात करणाऱ्याला ही पत्रिकेची वाट मला सर्वांत व्यवहार्य वाटते. छपाई स्वस्त पडते आणि नवा खेळाडू पाच मिनिटांत खेळायला लागतो. भारतीय लेखकांसाठी जागा नाही, ही तक्रारही आता जुनी झाली. २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या अधिकृत संग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या धर्तीवर रचलेले साहस आहे. ते इंग्रजीत आहे, हे खरे. मराठीतले काम मराठी लोकांनाच करावे लागेल.

त्यासाठी आपल्याकडे वाट आखलेली आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवे काही करून पाहायचे तर मराठी लेखकाला वर्षाकाठी एक हक्काचे ठिकाण आहे. कथा, कविता, भविष्य, व्यंगचित्रे यांच्या शेजारी दोन पानांचा एक पात्रवर्ग आणि तासाभराचे एक साहस छापायला कोणत्याही संपादकाची हरकत असू नये. ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ने याहून जास्त काही केलेले नव्हते.

वाचकांना विनंती एवढीच. हे पुस्तक वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या तालुक्यातले एक काम निवडा, जे कोणीही शिकून करू शकेल आणि जे इतरांच्या उपयोगी पडेल. त्यावर पहिल्या पाच पायऱ्यांपुरता एक वर्ग लिहा. तो तुम्ही ज्या टेबलावर बसणार नाही अशा टेबलाला द्या, आणि त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे सुधारायचे एक वाक्य समजून मजकूर पुन्हा लिहा. प्रश्न येणे थांबले की छापा.